वाटणीला आलेली माणसं

त्या घराची वाटणी झाली त्या सकाळी मी त्यांच्या ओसरीवर, दाराजवळ, पोत्यावर बसले होते. बाहेरच्या माणसानं अशा वेळी तिथं असू नये हे मला कळत होतं. पण घरच्या म्हातारीनंच "बस गं पोरी, तुजं काय कुनाला वझं झालंय?" म्हणत हाताला धरून बसवलं, आणि मग कुणी मला ऊठ म्हटलं नाही.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. मी नुकतीच पुण्याला बी. ए. झाले होते. आमच्या प्राध्यापकांनी कृष्णाकाठच्या काही गावांची पाहणी हाती घेतली होती. पलटणीतली माणसं घरी परतत होती, उसाचं क्षेत्र वाढत होतं आणि एकत्र कुटुंबं फुटायला लागली आहेत असं जो तो म्हणत होता. ती खरोखर फुटतात का, आणि फुटतात तर कशी, हे सरांना पाहायचं होतं. बरोबरचे विद्यार्थी पुरुषांशी बोलत, पण घरातल्या बायका त्यांच्यासमोर येत नसत. म्हणून मला घेतलं. साताऱ्याला माझे वडील वकिली करत. त्यांनी एक रात्र विचार केला आणि म्हणाले, "जा. पण गावात शाळामास्तरांच्या घरी उतरायचं आणि शनिवार-रविवार सांगलीला आत्याकडे जायचं." आईला कुणी विचारलं नाही. तिनं मेतकुटाचा डबा भरून दिला. समाजशास्त्र म्हणजे काय, हे मला तिला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

गाव तासगावच्या बाजूचं. तासगाव तेव्हा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होतं आणि सांगली शहर संस्थानात, त्यामुळे दर शनिवारी मी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत जाणाऱ्या मोटारीनं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास करावा असं तोवर माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आमच्या पाहणीत म्हातारी माणसं 'अवलंबून असणारे' या सदरात, पोरांच्या आणि पांगळ्यांच्या जोडीला जात. त्यांना वेगळं असं काही विचारायचंच नव्हतं.

या घरातला म्हातारा साठीच्या आसपासचा. जन्मभर मोट हाकून त्याचे गुडघे गेले होते. काठी टेकून परड्यापर्यंत जाई आणि परत येऊन भिंतीला टेकून बसे. म्हातारी त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण हलकी, चपळ. पहाटे जातं तिचंच, दूध काढायचं तिचंच, थोरल्याची तीन पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. थोरला मुलगा शेती बघायचा. धाकटा लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला होता, आणि आल्यावर सांगलीत एका तेलाच्या गिरणीत पहारेकरी म्हणून लागला होता. त्याला आता आपला संसार वेगळा हवा होता. बायकोचे दिवस भरत आले होते.

पंच म्हणून गावातली चार वयस्क माणसं आली होती. जमीन वाटली गेली, फारशी खळखळ न होता. धाकट्याचा वाटा थोरल्यानंच अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या पिकावर, कसायचा असं ठरलं. बैल, गाय, गोठा थोरल्याकडे गेला. मग तांब्या-पितळेची भांडी बाहेर आणून मांडली, आणि एक तुझं, एक माझं असं करत दोन ढीग झाले. घंगाळ कुणाचं यावरून थोडा आवाज चढला, तोही खाली आला. मग एक पंच म्हणाला, "आता म्हातारा-म्हातारीचं बोला."

धाकटा चटकन म्हणाला, "आये माज्याकडं."

आतून, दाराच्या चौकटीमागून थोरलीचा, थोरल्याच्या बायकोचा, आवाज आला, "आन् मग आमची पोरं कुनी बघायची? मी रानात जाऊ का पोरं संबाळू?"

"तुमची पोरं झाली की चालती-फिरती, वहिनी. आमच्या घरात तर कुनीच न्हाई."

"आत्याबाई हितनं हालायच्या न्हाईत. सांगून ठेवते."

बराच वेळ हे चाललं. म्हातारी माझ्याशेजारी बसून लसूण सोलत होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय. दोन्ही मुलांना आई हवी होती. मला ते ऐकून बरंही वाटलं होतं, हे खरं आहे. बापाचं नाव मात्र कुणीच काढत नव्हतं. शेवटी पंचांनी ठरवलं की आई धाकट्याकडे, बाप थोरल्याकडे. आत थोरलीनं भांडं आपटलं.

एका पंचाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "काय गड्या, तुजं काय म्हननं?"

म्हातारा तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "मला काय इचारताय? बैल काय इचारून वाटली व्हय?"

चौघे हसले. म्हातारा हसला नाही. म्हातारीचा लसूण सोलणारा हात थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला.

म्हातारी सांगलीला निघाली त्या शनिवारी मीही त्याच मोटारीत होते. म्हातारा काठी टेकत फाट्यापर्यंत आला होता. त्या गुडघ्यांनी त्याला केवढा वेळ लागला असेल! मोटार सुटताना एवढंच म्हणाला, "डोळ्याला जप." म्हातारीनं पदर तोंडावर घेतला आणि दुसरीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांना काही झालंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाई गं. जरा धुरकट दिसतंय, चुलीम्होरं बसून."

पुढचे काही महिने मी त्या दोघांमधला निरोप्या झाले. शनिवारी सांगलीच्या वखारभागातल्या धाकट्याच्या खोलीवर जायचं आणि सोमवारी गावी परतलं की म्हाताऱ्यापाशी बसायचं. खोली एकच, नळ चाळीच्या टोकाला. बाळ झालं होतं. बाळाला न्हाऊ घालणं, शेक, बाळंतिणीचं खाणं, पाणी, भांडी, सगळं म्हातारी करायची. सून वाईट नव्हती, थकलेली होती. मुलगा आईला "आये, दमलीस का" असं विचारायचाही. पण विचारून तो ड्यूटीवर जायचा.

निरोप असायचे ते अगदी साधे. "त्येन्ला म्हनावं, थंडीचं घोंगडं उतरंडीमागं ठिवलंय." "म्हनावं, ताक पीत जावा, दूध पचत न्हाई." नवऱ्याचं नाव ती घेत नसे. तो तिकडून विचारायचा, "डोळं कसं हायत?" मी तिला विचारून त्याला सांगायची, "बरे आहेत म्हणाल्या." तो मान हलवायचा. त्याला ते पटत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायचं.

त्याला घरात कुणी छळलं असं मी म्हणणार नाही. दोन वेळा भाकरी मिळायची. थोरली ताट गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि "ठिवलंय" एवढं म्हणून वळायची. म्हातारी होती तेव्हा तो ओसरीवर झोपायचा. आता त्याचं अंथरूण गोठ्यात गेलं होतं, कुणी मुद्दाम न सांगता. दिवसच्या दिवस त्याच्याशी कुणी बोलत नसे. मी गेले की तो एखाद्या गोष्टीला सुरुवात करायचा आणि मध्येच थांबायचा, सवय मोडल्यासारखा.

गुऱ्हाळं सुरू झाली. थोरल्याची गाडी गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत निघाली तेव्हा म्हातारा ढेपांवर बसून बरोबर आला. योगायोगानं मी त्या दुपारी वखारभागातच होते. खोलीत बाळंतीण, त्यामुळे त्याला आत बसायला जागा नव्हती. सुनेनं चहा बाहेर दिला. दोघं नळाजवळच्या पायरीवर बसली. आजूबाजूला बायका पाणी भरत होत्या, कळश्या आदळत होत्या, आणि ही दोघं पाहुण्यांसारखी अंतर ठेवून. ती सुपातले तांदूळ निवडत होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तू बघून निवडत न्हाईस. हातानं चाचपतीयास."

ती म्हणाली, "हळू बोला."

"कदीपासनं?"

"हळू बोला म्हनते न्हवं."

गाडी निघायची वेळ झाल्यावर जाताना त्यानं मला बाजूला बोलावलं. "बाई, तिला काय दिसत न्हाई. पोराला सांगू नगा. सांगितलं तर तो तिला ठिवायचा न्हाई."

मी सांगितलं नाही. सांगायची वेळही आली नाही. पंधरवड्यात म्हातारीनं बाळाला न्हाऊ घालताना गार पाण्याचं विसण न घातलेलं कढत पाणी घेतलं आणि बाळाच्या पायाला भाजलं. फोड आले, बरेही झाले. पण चाळीत ओरड झाली. सून रडत रडत म्हणाली, "ह्यांच्या हातात मी पोर देनार न्हाई." धाकटा आईवर ओरडला, मग स्वतःच डोळे पुसत बसला, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गावाकडे निघाला. पलटणीत काही बिघडलं की परत पाठवायची सवय लागते, असं तो नंतर एकदा मला म्हणाला. ते त्यानं विनोदानं म्हटलं नव्हतं.

गावात तेव्हा मी होते. म्हातारीला दारातल्या कट्ट्यावर बसवून तो भावाशी बोलायला आत गेला. थोरली बाहेर आली ती ओरडतच. "डोळं व्हतं तवा तुमाला हवी व्हती! तवा आमच्या पोरांचं कुनी बगितलं? आता आंधळी झाली तर आमच्याकडं? पंचांनी काय ठरवलंय? तुमच्या वाटनीला आलीया ती."

"मग म्हातारीला रस्त्यावर टाकू का मी, वहिनी?"

"टाका न्हाईतर घिऊन जावा."

शेजारची माणसं जमली. म्हातारी कट्ट्यावर बोचकं मांडीवर धरून बसली होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती आवाजाच्या दिशेनं मान वळवत होती, कधी इकडे, कधी तिकडे. त्या गर्दीतून म्हातारा गोठ्याकडून आला. त्यानं काठी बगलेत घेतली, तिचा हात धरला आणि म्हणाला, "चल." ती उठली. दोघं सगळ्यांसमोरून गोठ्यात गेली. त्या गावात नवऱ्यानं बायकोचा हात चारचौघांत धरलेला कुणी पाहिला नव्हता. भांडण तिथंच थांबलं.

त्या आठवड्यात मी सरांना विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. आत्याच्या यजमानांची मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात ओळख होती, ती धरून म्हातारीला तिथं नेलं. मोतीबिंदू पिकलेला होता. डॉक्टर म्हणाले, एक डोळा नक्की येईल, दुसऱ्याचं सांगता येत नाही. म्हातारा म्हणाला, "एक लय झाला."

तेव्हाचं ते ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि रोग्यानं हलायचं नाही, खोकायचं नाही, कूस वळायची नाही. नातेवाईक आवारात झाडाखाली तीन दगड मांडून स्वयंपाक करत. म्हाताऱ्यानं जन्मात भाकरी थापली नव्हती. शेजारच्या आटपाडीकडच्या एका बाईला पीठ देऊन तो तिच्याकडून करून घ्यायचा आणि सगळा दिवस खाटेशेजारी फरशीवर बसायचा.

आणि बोलायचा. गोठ्यात ज्याचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं, तो हाच माणूस का, असं मला वाटलं. खिडकीतून काय दिसतंय ते तो तिला सांगे. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मुलगा भेटायला आला, त्यानं केळी आणली, एक आपल्यालाही दिलं. नर्सबाई आज रागात आहे. बाहेर ढग आलेत पण पडायचे नाहीत. मग मागच्या गोष्टी निघाल्या. प्लेगात गाव रानात जाऊन राहिलं होतं ते, पहिली मुलगी गेली ते, तिच्या माहेरची म्हैस. म्हातारी हलू शकत नव्हती, म्हणून ओठही जपून हलवत उत्तर द्यायची. एकदा ती मला म्हणाली, "लगीन झाल्यापासनं ह्यांच्याशी येवडं बोलनं झालंच न्हवतं बग. सासू व्हती, जावा व्हत्या, मग पोरं. बोलायचं कुटं?" पट्टीखालून पाणी आलं, तर म्हातारा घाबरला. "रडू नगं, रडू नगं, डाक्टर म्हनलाय!" आणि मग ती दोघंही हसायला लागली, आणि हसूही नको म्हणून नर्सबाई ओरडत आली.

ती दवाखान्यात असतानाच मी साताऱ्याला जाऊन आले. वडील आरामखुर्चीत बसले होते. तेही साठीला आले होते. त्यांची दुपारची झोप होईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मी त्यांना त्या वाटणीची हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा काढला. "चुकीची वाटणी आहे. वडिलोपार्जित जमीन बाप आणि मुलगे वाटून घेतात तेव्हा बापाला एका मुलाएवढा वाटा असतो. आणि आपल्या मुंबई इलाख्यात आईलाही तेवढाच."

आई कॉफी घेऊन आली होती. ती थांबली. "बाईलाही असतो?"

"असतो," वडील म्हणाले आणि कप घेतला.

आई काही वेळ तशीच उभी राहिली. चाळीस वर्षं ती वकिलाच्या घरात होती. वयानं वडिलांहून थोडीच लहान, आणि तिच्या दुपारच्या झोपेसाठी कधी कुणी दबकत चाललं नव्हतं. मला हे त्या दिवशी दिसलं, त्याआधी दिसलं नव्हतं. ती रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

मी हे म्हाताऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कोर्टात जायचं न्हाई. पोरं हायत माजी."

म्हातारी पट्टीआडून म्हणाली, "कोर्टात कोन जातंय? चावडीत सांगा की."

एक डोळा आला. जाड भिंगाचा चष्मा लावून ती गावी आली आणि म्हातारा त्याच चार पंचांपुढे गेला. मी गेले नाही. जाऊ नये हे तेव्हा तरी मला सुचलं. मास्तरांनी संध्याकाळी येऊन सांगितलं ते असं. म्हातारा म्हणाला, "चार वाटं व्हायला पायजेत. दोन पोरांचं, एक माजा, एक हिचा. मला सगळं नगं. वढ्याकडंचा तुकडा आन् तितली झोपडी द्या. आमी दोगं ऱ्हातो. आमी हाय तवर आमचं, मागनं तुमचंच हाय." थोरला खाली बघत होता. धाकटा सांगलीहून आला होता, तो म्हणाला, "द्या. माज्या हिश्श्यातनं द्या." पंच स्वतः सगळे म्हातारे. त्यांच्यातल्या एकानं म्हणे मास्तरांना वाटेत हळूच विचारलं, "बाईला बी असतो म्हनता? कायद्यात हाय ह्ये?"

सरांना हे सगळं कळलं तेव्हा ते माझ्यावर रागावले. "आपण पाहायला गेलो होतो. तुम्ही त्यात हात घातलात. आता त्या घराची नोंद आपल्याला वापरता येणार नाही." त्यांचं म्हणणं शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर होतं आणि पुढं मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच शिकवलं. त्या घराची नोंद अहवालात नाही. पण सरांनीच, काही महिन्यांनी, राग ओसरल्यावर मला विचारलं, "आई दोघांना हवी होती आणि बाप कुणालाच नको होता म्हणालात. हे बाकीच्या घरांत तपासलंत का?" मी तपासलं नव्हतं. त्यानंतर तपासायला लागले आणि पुढची सगळी नोकरी त्यातच गेली. म्हातारपणी पुरुषाला काम उरत नाही म्हणून तो नकोसा होतो, बाईला काम उरतं म्हणून ती हवी असते, आणि तिचे हातपाय थांबले की तीही नकोशी होते, हे मी पुष्कळ गावांत पाहिलं. शहरातल्या शिकल्या घरांतही पाहिलं, तिथं फक्त आवाज खाली असतो. उलटही पाहिलं. आंधळ्या सासूला मांडीवर डोकं घेऊन भरवणारी सून याच भागात मला भेटली, आणि मी कारण विचारल्यावर तिनं मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

ओढ्याकाठच्या त्या झोपडीत म्हातारा-म्हातारी जवळजवळ तीन वर्षं राहिली. मेथी, चाकवत, मुळा असं काही लावत. तो बसून खुरपायचा, ती बाजारात नेऊन विकायची. थोरलीची पोरं शाळा सुटली की तिकडेच असत. एकदा मी गेले तर थोरली स्वतः कालवणाचं भांडं घेऊन आली होती. ती माझ्याशी बोलली नाही, पण सासऱ्यापुढे भांडं ठेवताना तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आबा, गरम हाय, बघून खावा." गोठ्याच्या उंबऱ्यावर ताट ठेवणारी हीच बाई. तिलाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, रान आणि पोरं दोन्ही कसं सांभाळणार म्हणून.

संस्थान विलीन झालं, तासगाव नव्या जिल्ह्यात गेलं. म्हातारा त्याच सुमाराला थंडीच्या दिवसांत गेला, फार न आजारता. मी भेटायला गेले तेव्हा तिची कपाळाची जागा मोकळी होती आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. धाकट्याची बायको मुलाला घेऊन आली होती. मुलगा आता पळत होता, आणि त्याच्या पायावर भाजल्याची खूण होती. सून म्हणाली, "आत्याबाई, आता हितं एकटं कशाला? चला की आमच्याकडं." ती मनापासून म्हणत होती, असं मला वाटलं. खोलीत दुसरं बाळ होतं, हेही तितकंच खरं.

म्हातारी जुड्या बांधत होती. "येईन की," ती म्हणाली. "दिवाळीला येईन. चार दिस ऱ्हाईन."

"चारच?"

"मग भाजी वाळंल न्हवं."

ती तशी जात असे आणि परत येत असे, असं मला मास्तर लिहीत राहिले. पुढं माझी बदली लांब झाली आणि मास्तरही वारले. ती कधी गेली, ते मला नक्की माहीत नाही.